अळणी घर

हौसाबाईनं मिठाची बरणी पदराखाली झाकून शेजारच्या ललिताबाईकडे नेऊन दिली, तेव्हा आपण घरातून काय बाहेर काढतो आहोत याची तिला पुसटशी कल्पना नव्हती. उलट ऊर भरून आला होता तिचा. पोरासाठी आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटत होतं. बरणी उचलताना चिमूटभर मीठ उंबऱ्यावर सांडलं. सून तनुजा झाडू घेऊन पुढं झाली, तशी हौसाबाई खेकसली.

"मिठाले झाडू नको लावू! बोटानं वेच. सांडलेलं मीठ मेल्यावर देव पापणीनं वेचाले लावते, मालूम नाई काय तुले?"

"मंग तर मामीजी, तुमच्याच पापण्या झिजतीन," तनुजा खाली वाकून सासूला म्हणाली. "बरणी तुमच्या हातात होती."

दोघी हसल्या. ओट्यावर बसलेले गुलाबराव, हौसाबाईचे मालक, तेही मिशीत हसले. त्या घरात असं मिळून हसणं झालं ते तेव्हाच शेवटचं. पुढं तसा योग आला नाही.

गुलाबरावांचं घर रिसोडला भाजी पुरवणाऱ्या माळ्यांच्या वस्तीत. विहिरीच्या पाण्यावर वांगी, भेंडी, पालक आणि बाराही महिने सांबार. बाकीचा महाराष्ट्र ज्याला कोथिंबीर म्हणतो तो हा सांबार. रिसोडच्या बाजारात कुणी कोथिंबीर मागितली तर माळीण त्याला वरून खालपर्यंत न्याहाळते आणि पाहुणे कुठले म्हणून विचारते. या सांबाराची जुडी बांधावी ती हर्षलनं, म्हणजे गुलाबराव-हौसाबाईच्या एकुलत्या एका पोरानं. अंबाडीच्या दोरीचा एक वेढा, अंगठ्याचा एक दाब, की जुडी तयार. बाजारात कुणी ती उलटी धरून झटकली तरी एक काडी खाली पडायची नाही. हात चालायचे आणि तोंडानं गवळण चालायची. भजनी मंडळात खंजिरीही तोच वाजवायचा.

अशा पोराला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काय झालं कोण जाणे. त्याची झोप उडाली. दिवसरात्र बोलायचा, हसायचा, रिसोडच्या बसस्टँडवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तोडलेली वांगी वाटायचा. आपण सगळ्या जिल्ह्याला पाणी पाजणार आहोत असं सांगायचा. मग एक दिवस सगळं उतरलं आणि भिंतीकडं तोंड करून जो आडवा झाला तो कित्येक आठवडे उठला नाही. मंगरूळपीरच्या दर्ग्यातला दोरा झाला, ज्यानं जे सांगितलं ते सगळं झालं. शेवटी गुलाबरावांनी मनाचा हिय्या केला आणि पोराला अकोल्याला मनाच्या डॉक्टरकडं नेलं.

त्या दिवशी हौसाबाईही सोबत गेली होती. पण डॉक्टरच्या खोलीत जायचं ते पुरुषमाणसानं, बाईनं बाहेरच्या बाकड्यावर डबा आणि पाण्याची बाटली सांभाळायची, ही आमच्याकडची रीत. कुणी ठरवून दिलेली नाही, पण कुणी मोडतही नाही. डॉक्टरांनी आत तीन गोष्टी सांगितल्या. गोळी एक वेळही चुकवायची नाही. ठरल्या वेळी रक्त तपासायचं. आणि जेवणातलं मीठ, पिण्याचं पाणी जसं आहे तसंच ठेवायचं, मीठ तर अजिबात तोडायचं नाही. हर्षल शेजारी बसलेला होता, पण त्याच्या कानात त्या दिवसांत काही शिरत नव्हतं. गुलाबरावांनी तिन्ही गोष्टींना "हो जी, हो जी" केलं आणि दोन गोष्टी घेऊन बाहेर आले. तिसरी आतच राहिली. मीठ ही काय माणसानं बायकोला जाऊन सांगायची गोष्ट आहे?

गोळी लागू पडली. पोरगा उठला, मळ्यात जाऊ लागला, पुन्हा जुड्या बांधू लागला. गोळी चुकणार नाही याची जबाबदारी हौसाबाईनं घेतली आणि ती इतक्या काटेकोरपणे पाळली की अकोल्याच्या डॉक्टरांनी गुलाबरावांची पाठ थोपटली. पण आईचं मन कशानं भरतं? पोरगा चालतो, जेवतो, विचारलं तर बोलतो, एवढ्यानं तिचं समाधान होईना. खंजिरी खुंटीला लटकलेली होती. जुडी बांधताना तोंड मिटलेलं असायचं. माणूस घरी आला होता, त्याचं गाणं आलं नव्हतं. ते परत आणायचं तिनं मनावर घेतलं.

ललिताबाईनंच तिला हरीओम सरांचं नाव सांगितलं. सर मूळचे मंगरूळपीरकडचे, शाळेतून निवृत्त झालेले. रिसोडात एका जुन्या गोदामात सकाळी वर्ग घ्यायचे. श्वासाचे व्यायाम, पोटावर मातीची पट्टी, डोळ्यांवर ओली घडी, शेवटी अर्धा तास भजन. कुणाकडून एक पैसा घ्यायचे नाहीत. हौसाबाईचा विश्वास बसला तो यामुळंच. फुकटात कुणी कुणाचं वाईट कशाला करील?

आणि खरंच सांगायचं तर गुण आला. हर्षल पहाटे आपणहून उठून वर्गाला जाऊ लागला. चेहऱ्यावर तजेला आला. गुलाबरावांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घातलं, तर तेही म्हणाले, करू द्या, उत्तमच आहे, श्वासाचे व्यायाम काय, भजन काय, मनाला बळच मिळतं, फक्त गोळी चालू ठेवा. मग एका सकाळी हौसाबाई चुलीपुढं बसली असताना मळ्याच्या बाजूनं गवळणीची ओळ ऐकू आली. तव्यावरची भाकर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. ती नुसती रडत होती.

तिथंच थांबली असती तर! पण माणसाला थोडं मिळालं की आणखी हवं असतं. वैशाखाच्या तोंडावर हरीओम सरांनी हर्षलला आणि हौसाबाईला समोर बसवलं.

"आता पुढची पायरी," सर म्हणाले. "एक महिना मीठ बंद. मले सोताले झोप नव्हती, डोक्यात नुसता भणभणाट. अळणी खाऊन वाचलो मी. अन् आठवड्यातून तीन दिवस वाफ घ्यायची. घामावाटे सगळी घाण निघून जाते. पण ताई, गोळी सोडायची नाही हं. गोळी औषध आहे, आपलं हे टेकू आहे."

"गोळी तं मी मरेपर्यंत नाई सोडू देत," हौसाबाई म्हणाली.

सरांनी गोळीचं नाव विचारलं नाही. हौसाबाईलाही ते सांगता आलं नसतं, तिच्यासाठी ती पांढरी गोळी होती. दोघंही मनानं साफ होती, दोघांनाही पोराचं भलं हवं होतं. एवढ्या साफ मनानं माणसं काय काय करून बसतात ते पाहिलं की अंगावर काटा येतो.

पोराच्या ताटात अळणी आणि आपल्या ताटात मिठाचं, हे हौसाबाईला पटेना. म्हणून तिनं सगळ्या घराचंच मीठ बंद केलं आणि बरणी ललिताबाईकडं पोचती केली. पहिले दिवस भाकरी माती चावल्यासारखी लागली. गुलाबरावांना रिसोडला वरचेवर काम निघू लागलं, आणि काम करून आलेल्या गुलाबरावांच्या मिशीत शेवेचे तुकडे सापडू लागले. हौसाबाई बघून न बघितल्यासारखं करायची. व्रत मोडायची पळवाट प्रत्येकाकडं होती, एकट्या हर्षलकडं नव्हती. तो इमानदार गडी, आईनं सांगितलं म्हणजे सांगितलं. गोदामातल्या वाफेच्या पेटीत बसून घाम काढायचा, तिथून मळ्यात येऊन उन्हात वाफे ओढायचा आणि दुपारी अळणी वरण गिळायचा.

थोड्या दिवसांनी त्याला तहान फार लागू लागली. मग एकदा चहा पिताना तनुजाला दिसलं, कपातला चहा हलत होता. हर्षल नेहमीसारखाच बसला होता, पण चहावर एकसारख्या बारीक लाटा उठत होत्या. त्यानं कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली घातला.

"तुमचा हात काहून थरथरून राह्यला?" तिनं हळूच विचारलं.

"काई नाई. अशक्तपणा हाय थोडा," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "तनू, लोणचं हाय काय वं आपल्या घरी?"

लोणचं होतं. तनुजाच्या मानोऱ्याच्या माहेराहून आलेली छोटी बरणी तिच्या लुगड्यांच्या पेटीत, घड्यांच्या खाली होती. दुसऱ्या दिवसापासून न्याहरीची भाकर मळ्यात पोचवायला ती स्वतः जाऊ लागली, आणि भाकरीच्या घडीत आंब्याच्या दोन खारट फोडी लपून जाऊ लागल्या. बांधावरच्या निंबाखाली बसून हर्षल त्या फोडी कोयीसकट चोखायचा. आठवड्याभरात कपातला चहा शांत झाला. तो पुन्हा गुणगुणू लागला.

हौसाबाई वस्तीभर सांगत सुटली, "अळणीनं केवढा फरक पडला पाहा माह्या पोराले!"

हे फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी ती भाकरी बांधायचं फडकं धुवायला घेऊन बसली आणि तिला त्यावर तेलाचा लालपिवळा डाग दिसला. तिनं फडकं नाकाशी नेलं. मग उठली, खोलीत गेली, सुनेची पेटी उघडली आणि बरणी घेऊन अंगणात आली.

"हे काय हाय तनुजा?"

तनुजाचा चेहरा उतरला, पण ती मागं सरली नाही. "मामीजी, त्यायचा हात थरथरत होता. मीठ मागत होते ते. दोन फोडी देल्या की बरं वाटते त्याईले."

"बरं वाटते! जिभेले तं दारूबी बरी वाटते. मी अख्ख्या घराचं मीठ तोडलं, मालकाईले अळणी खाऊ घालून राह्यली, अन् तू मागून त्याच्या इलाजाले चूड लावून राह्यली?"

"अकोल्याच्या डॉक्टरले एक फोन करून इचारू ना. इचाराले काय जाते?"

"डॉक्टरनं गोळीचं पाहावं. सैपाकाचं मी पाहीन." हौसाबाईचा आवाज चिरका झाला. "तुले तो बरा झालेला पाहाचा नाई काय?"

हे वाक्य तोंडातून निघताच तिलाही ते लागलं, पण परत घ्यायची सवय तिला नव्हती. तनुजानं ओट्यावर बसलेल्या गुलाबरावांकडं एकदा पाहिलं. गुलाबराव म्हणाले, "पाहू." आयुष्यातल्या प्रत्येक अडचणीला त्यांच्याकडं हा एकच शब्द होता. लोणच्याची बरणी उकिरड्यात गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून न्याहरी घेऊन हौसाबाई स्वतः मळ्यात जाऊ लागली. पोरगा शेवटचा घास गिळेपर्यंत ती समोर बसून राहायची.

वैशाख भाजून काढत होता. हर्षलचा हात पुन्हा थरथरू लागला आणि या वेळी मांडीखाली लपवण्याजोगा राहिला नाही. भाजीबाजारात एका बाईनं सवयीनं त्याची जुडी उचलून झटकली, तर अख्खा सांबार तिच्या पायाशी पसरला. "अरे, हर्षलची जुडी सुटली!" म्हणून दोन-चार जण हसले. हर्षल काड्या गोळा करायला वाकला आणि तोंडावर पडता पडता वाचला. मग त्याला उलट्या होऊ लागल्या. तो बांधावरून चालला की पाय एकीकडं जायचा आणि अंग दुसरीकडं. पोरगा पिऊन राह्यला अशी वस्तीत कुजबूज सुरू झाली. हौसाबाईनं एकदा तो झोपलेला असताना त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. दारू नव्हती. आंबूस, कडवट असा काहीतरी वास होता, तो तिला ओळखता आला नाही.

ती धावत हरीओम सरांकडं गेली. सर शांत होते, आणि त्यांच्या त्या शांतपणाचाच तिला आधार वाटला.

"याले उभार म्हणतात ताई. आतलं विष वर आलं की असं होते. घाबरून इथं सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. थोडे दिवस काढा."

थोडे दिवस. रक्त तपासायची पाळी येऊन गेली होती. गुलाबरावांनी आठवण केली तेव्हा हौसाबाई म्हणाली, महिना पुरा होऊ द्या, मंग जाऊ, डॉक्टरबी पाहून खूश झाला पायजे. गुलाबराव म्हणाले, पाहू. तनुजानं मात्र परस्पर अकोल्याला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारनंतर या. तनुजा ते कुणाला न बोलता सोमवारची वाट पाहत राहिली.

शनिवारी दिवेलागणीला हौसाबाई म्हशीला पेंड घालायला गोठ्यात गेली आणि दारातच थिजली. म्हशीच्या दावणीवर सुतळीनं एक सैंधवाचा खडा टांगलेला असायचा. जनावराला मीठ लागतं, ते चाटतं, म्हणून सगळेच टांगतात. त्या खड्यापुढं तिचा हर्षल गुडघ्यांवर बसला होता. थरथरत्या दोन्ही हातांनी खडा धरून तो चाटत होता. डोळे मिटलेले. शेजारी म्हैस रवंथ करत त्याच्याकडं बघत होती.

"हर्षल! काय करून राह्यला बापा?"

त्यानं मान वळवली. हनुवटीवरून लाळ ओघळत होती. जीभ जड झाली होती, शब्द सुटे निघत नव्हते. "माय... बरं... वाटते."

हौसाबाईच्या डोळ्यांपुढं ते जुने दिवस उभे राहिले, बसस्टँड, वांगी, मागं फिदीफिदी हसणारे लोक. वेड परत आलं, तिच्या मनानं घेतलं. एवढं सगळं करून परत आलं! दुसरा विचार तिच्या डोक्यात शिरलाच नाही. गोठ्यात बैलाला मीठ कमी पडलं तर तो भिंती चाटतो, हे तिला तिच्या बापानं लहानपणी दाखवलं होतं. गाय भिंत चाटू लागली की ती स्वतः मिठाचं पाणी करून पाजायची. जनावराचं जे तिला लगेच कळलं असतं, ते पोराचं कळलं नाही. तिनं पोराच्या हातातून खडा ओढला, सुतळीला हिसडा दिला, तशीच तरातरा विहिरीवर गेली आणि खडा आत भिरकावून दिला.

पाण्याचा आवाज खोलवरून आला. गोठ्याच्या दारात भिंतीला धरून हर्षल उभा होता. तो लहान पोरासारखा रडत होता. हौसाबाईनं त्याला कवेत घेतलं, तोंड पुसलं, घरात नेलं. त्या रात्रीची पांढरी गोळी तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या जिभेवर ठेवली आणि गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून पाहिलं.

सकाळी तो सांबाराच्या वाफ्यात सापडला. अंगाला झटके येत होते, टाचा माती उकरत होत्या, डोळे वर गेले होते. तनुजाची किंकाळी ऐकून वस्ती जमली. जीप आली, जीपनं वाशिम गाठलं, वाशिमच्या डॉक्टरांनी हात न लावता अँब्युलन्स करून अकोल्याला पाठवलं. वाटेवर हौसाबाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन एकच धोशा लावून बसली होती, "गोळी चुकली नाई जी त्याची. एकबी चुकली नाई."

या वेळी डॉक्टरच्या खोलीत ती आत गेली. कुणी थांबवलं नाही. मोठ्या दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून एक तरुण डॉक्टरीण बसली होती.

"गोळी जास्त घेतली का त्यांनी?"

"नाई जी. मी मोजून देते."

"मग उलट्या, जुलाब आधीपासून? जेवणात काही बदल केला होता?"

खोलीतला पंखा कुरकुरत होता. हौसाबाई म्हणाली, "अळणी चालू होतं. महिनाभर. अन् वाफ."

डॉक्टरिणीनं हातातला पेन खाली ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सावकाश बोलली, समोरच्या बाईला समजावं म्हणून. "आजी, ही गोळी लिथियमची आहे. हेही एक प्रकारचं मीठच. रोज थोडं पोटात जातं, थोडं लघवीवाटे निघून जातं, आणि हिशोब बरोबर राहतो. पण जेवणातलं मीठ तोडलं, वरून घाम काढला, तर शरीर घाबरतं. मिळेल ते मीठ धरून ठेवतं. त्याच्यासोबत ही गोळीही धरून ठेवतं, बाहेर जाऊच देत नाही. रोजची एक गोळी आत साठत गेली. त्यांना विषबाधा झाली आहे."

"म्हंजे मी..."

"व्यायाम, भजन यांनी काही बिघडलं नसतं. मिठाचं तुम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं का?"

हौसाबाईनं मान हलवली. मागून गुलाबरावांचा आवाज आला, इतका बारीक की तो त्यांचा वाटेना. "सांगतलं होतं. पयल्याच दिशी."

हौसाबाई वळली. "मंग मले काहून नाई सांगतलं?"

"काय सांगाचं?" गुलाबराव भिंतीला टेकून खाली बसत गेले. "मीठ तं सगळ्याच्याच घरी असते. मले काय मालूम व माय, आपल्या घरचं जाईन म्हून! अन् गेलं तवा मले ते आठोलंच नाई. मी आपला शेव खाऊन..."

दाराशी तनुजा उभी होती. हौसाबाईला वाटलं, आता ही बोलेल, लोणच्याच्या बरणीचं नाव काढेल, सगळ्यांसमोर आपली सालटी काढेल. तेवढं तरी तिनं करावं असं हौसाबाईला मनापासून वाटत होतं. तनुजानं सासऱ्यांना उठवून खुर्चीवर बसवलं, त्यांना पाणी दिलं आणि हर्षलच्या खाटेकडं निघून गेली. गोठ्यातला खडा कुणाला माहीतच नव्हता. तो एकट्या हौसाबाईला माहीत होता, आणि हर्षलला.

यंत्रावर त्याचं रक्त धुतलं. एकदा धुतलं, पुन्हा धुतलं. हरीओम सर येऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे राहिले, आत यायचा धीर त्यांना झाला नाही. "मी गोळीचं नाव विचारायला पायजे होतं," एवढंच म्हणाले. गोदामातला वर्ग त्यांनी बंद केला. हौसाबाईनं त्यांना बोल लावला नाही. लावायला तोंड कुठं होतं?

हर्षल वाचला. मृगाच्या पेरण्या आटपल्यावर तो घरी आला. नवी गोळी सुरू झाली होती, मन ठिकाणावर होतं, सगळ्यांना ओळखत होता. पण डोक्यातल्या तोल सांभाळणाऱ्या जागेला जो मार बसला तो बसला. काही सुधारेल, काही तसंच राहील, असं डॉक्टरीण म्हणाली होती. चालताना पाय फेंगडे पडतात. बोलणं ओलं, ओढलेलं, गवळण म्हणायला गेला तर शब्द एकमेकांत अडकतात. आणि हात थरथरतात. जुड्या आता तनुजा बांधते. तो शेजारी बसून तिला दोरी देतो, आणि ती दोरी हवेत हलत राहते.

घरात मीठ परत आलं. गुलाबरावांनी रिसोडहून म्हशीसाठी सैंधवाचा नवा खडाही आणला. हौसाबाई गोठ्यात जायची बंद झाली. ती स्वतः मात्र अजून अळणीच जेवत होती. ताटात वाढून घ्यायची ते मीठ घालायच्या आधीचं, वेगळं काढून ठेवलेलं. कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण घरात असं लपतं थोडंच? तनुजानं ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती आता सासूशी कामापुरतंच बोलायची.

एका दुपारी चौघं जेवायला बसली. हर्षल समोर होता. त्यानं आईच्या ताटाकडं बराच वेळ पाहिलं. मग मिठाच्या वाटीत बोटं घातली, चिमूट उचलली आणि हात लांब केला. हात इतका थरथरत होता की वाटेतच मीठ सांडू लागलं, काही वाटीत, काही भाकरीवर, बरंचसं जमिनीवर. तिच्या ताटात पोचलं तेव्हा चिमटीत चार-दोन कण उरले होते.

"खाय... माय," तो म्हणाला. "बरं... वाटते."

गोठ्यातले तेच शब्द. तिला कळलं की त्याच्या सगळं ध्यानात आहे, खडा, विहीर, पाण्याचा आवाज. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. म्हणूनच तिला तिकडं बघवलं नाही.

तिनं तो घास खाल्ला. गुलाबरावांनी जमिनीवरचं मीठ फडक्यानं पुसायला हात पुढं केला, तर तिनं तो धरला. "राहू द्या." ती वाकली आणि सारवलेल्या जमिनीवरचे कण एकेक करून बोटाच्या टोकानं टिपू लागली. डोळ्यांतलं पाणी खाली पडून कण विरघळायला लागले तशी ती घाई करू लागली. तनुजा थोडा वेळ पाहत बसली. मग ताट बाजूला सारून तीही वाकली आणि सासूच्या बाजूनं वेचू लागली.

जमिनीवरचं सगळं वेचून झालं. बाकीचं विहिरीत होतं.